मदत हवी आहे: सगळेच चॅनेल भरलेले दिसतायत, सोमवारी रिव्ह्यू

खडकवासला_एक्सप्रेस:
बीईचा प्रोजेक्ट आहे, कॉग्निटिव्ह रेडिओ. टीव्हीच्या बँडमध्ये रिकामी जागा शोधायची आणि तिथून आपला डेटा पाठवायचा, एवढंच. कोड चालतोय, पण स्कॅन केला की एकजात सगळे चॅनेल बिझी! थ्रेशोल्ड (ज्याच्या वर सिग्नल गेला की चॅनेल बिझी धरायचा ती पातळी) वर-खाली करून झाला. गाईड म्हणतात, "पेपरमध्ये तर होतंय." लवकर सांगा. गूगल कर म्हणू नका.

काकाकुवा:
रिसीव्हर कुठला? अँटेना? गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवतोयस? बसलायस कुठे? ज्योतिषीसुद्धा आधी पत्रिका मागतो रे.

खडकवासला_एक्सप्रेस:
आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा स्वस्त यूएसबी रिसीव्हर), सोबत आलेली अँटेना. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ. गेन फुल, म्हणजे बारीक सिग्नलही सुटणार नाही. बाकी नॉर्मल.

डेसिबल_दादा:
डोंगल आठ बिटांचं खेळणं आहे. यूएसआरपी घे, तो महागडा लॅबवाला रेडिओ, प्रश्न संपला.

काकाकुवा:
दादा, त्याचे पैसे तुम्ही भरणार का?

नकाशेवाला:
मुळात सेन्सिंगचा, म्हणजे स्वतः ऐकून रिकामा चॅनेल शोधायचा, नादच सोडा. अमेरिकेत एफसीसीने (तिथली रेडिओ-टीव्हीची नियामक संस्था) २०१० मध्येच, आपली जागा सांगून रिकाम्या चॅनेलच्या डेटाबेसला विचारणाऱ्या उपकरणांवरची सेन्सिंगची सक्ती काढली. पर्वतीच्या आडोशाला बसलात तर तुमच्या डोंगलला ट्रान्समीटर ऐकू येणार नाही, पण पलीकडच्या गच्चीवरच्या टीव्हीला येत असेल. तुम्ही 'रिकामं' समजून पाठवणार आणि त्याचं चित्र घालवणार.

डेसिबल_दादा:
त्याच अमेरिकेत साडेतीन गिगाहर्ट्झवर सीबीआरएस नावाचा वाटून वापरायचा बँड आहे. तिथे नौदलाचं रडार ओळखायला किनाऱ्यावर सेन्सर लावावेच लागले. युद्धनौका काय डेटाबेसमध्ये रोज हजेरी लावणार?

गच्चीवरची_गौरी:
आमच्याकडे बाबा सिंहगडाच्या दिशेने अँटेना फिरवायचे आणि आम्ही खालून "आलं, आलं, गेलं!" ओरडायचो. बाय द वे, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघून या. ४५ मीटरच्या ३० तबकड्या! मोबाईलच्या गोंगाटाचा त्यांनाही वैताग आहे.

काकाकुवा:
गौरीताई, त्याला सोमवार गाठायचाय.
आता ऐक. दूरदर्शनचे बहुतेक अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर कधीच बंद झाले. आयआयटी मुंबईने पालघरच्या खेड्यांत याच बँडमधून इंटरनेट पोचवून दाखवलं ते तिथे जागा पडून आहे म्हणूनच. मग पुण्यात एवढी गर्दी कुठून आली? फुल गेनवर ९३.५, ९८.३ अशी दणदणीत एफएम स्टेशनं ट्यूनरचं डोकं फिरवतात आणि नसलेले सिग्नल उगवतात.
अँटेना आणि डोंगलच्या मध्ये १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) लाव. खरा सिग्नल १० डीबीच उतरेल, ही नसलेली भुतं त्याच्या दुप्पट-तिप्पट उतरतील. मग अँटेना काढून टर्मिनेटर लाव, म्हणजे बाहेरचं काही न ऐकू देणारं ५० ओहमचं टोपण. तरीही चॅनेल बिझी दिसले तर गोंगाट तुझ्याच लॅपटॉपचा. तिथे मिळेल तो नॉइज फ्लोअर (नुसत्या गोंगाटाची पातळी) धरून थ्रेशोल्ड बांध, अंदाजाने नको. आणि एफएम स्टेशनं अडवणारा एफएम नॉच फिल्टर विकत घे, स्वस्त असतो.

नकाशेवाला:
इतकं करूनही टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलमधून इंटरनेट द्यायच्या ८०२.२२ मानकात डिजिटल टीव्ही -११६ डीबीएमला ओळखायला सांगितलाय. ६ मेगाहर्ट्झमधला नुसता नॉइजच -१०६ च्या आसपास असतो, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्याही खाली. नुसती एनर्जी मोजून हे होणे नाही. रिव्ह्यूला हा प्रश्न हमखास येणार.

मुठाकाठ:
आणि 'डेटा पाठवायचा' म्हणजे काय? डब्ल्यूपीसीचा, म्हणजे सरकारच्या वायरलेस खात्याचा, परवाना काढलाय? तो बँड वायफायसारखा खुला नाही.

खडकवासला_एक्सप्रेस:
पाठवायचं नंतर बघू. लॅबमध्ये अटेन्युएटर सापडला, लावला. अर्ध्याहून जास्त चॅनेल उडाले!! बाकीचे ट्यूबलाइट बंद केल्यावर कमी झाले. एसएमए कनेक्टरचा टर्मिनेटर तपकीर गल्लीत मिळेल का?

डेसिबल_दादा:
तिथे वायरी आणि दिव्यांच्या माळा मिळतात. ऑनलाइन मागव.

काकाकुवा:
ऑनलाइन सोमवारपर्यंत येणार का? ५० ओहमचा रेझिस्टर कनेक्टरवर सोल्डर कर. नेमका ५० चा नाही मिळत, १०० चे दोन पॅरलल. आणि पाय एकदम छोटे ठेव, नाहीतर तीच अँटेना होते.

खडकवासला_एक्सप्रेस:
१०० चे आहेत. सोल्डरिंग आयर्न लॅब असिस्टंटच्या कपाटात, आणि ते घरी गेले.