खेळाडू मोठा झाला की वागणंही मोठं पाहिजे का? (अनुभव धागा)

गोदाकाठची
काल आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी परत तो महाराष्ट्र केसरीचा व्हिडिओ टाकला, २०२५ चा अहिल्यानगरचा, शिवराज राक्षेनी पंचाला लाथ मारल्याचा. झालं, काका म्हणे असल्यांना जन्मभर बंदी घाला, आत्या म्हणे पोरावर अन्याय झाला तर तो काय आरती ओवाळणार का पंचाची, रात्री साडेअकरापर्यंत तेच. मला मात्र त्यावरून आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडवरचं एक उद्घाटन आठवलं. मी तेव्हा नववीत असेन. बुटांचं नवीन दुकान होतं आणि एक क्रिकेटर येणार होता (नाव विचारू नका, सांगणार नाहीये). गर्दी एवढी की शेजारचा रसवंतीवाला घुंगरं बंद करून बाकड्यावर चढलेला. मी वही पुढे केली, त्यानी सही केली, गोड हसला, समोर फोटोग्राफर होताच. मग फोटोग्राफर आत गेला आणि दुकानाचे वॉचमन काका पुढे झाले. त्यांच्याकडे वही कुठली, सिगारेटच्या पाकिटाच्या आतला कागद सरळ करून तळहातावर धरला होता. यानी त्यांच्या हातातला पेन घेतला, कागदाकडे बघितलं आणि पेन सोडून दिला खाली. फेकला असंही नाही म्हणता येणार, नुसता सोडला. टोपण घरंगळत एका लुनाखाली गेलं आणि काका गुडघ्यावर बसून ते काढत होते तोवर हा गाडीत बसून गेला पण.

त्यानंतर त्याची सेंच्युरी झाली तरी मी टाळी वाजवली नाही, आणि आमच्या ह्यांचं म्हणणं की त्याचं काम बॅटिंग करायचं, वॉचमनशी कसं वागला याच्याशी तुला काय करायचंय. तर तुमचं काय म्हणणं? स्वतः बघितलेलं लिहा, चांगलं वाईट दोन्ही. पेपरात आलंय त्यांची नावं घ्या, बाकीच्यांची नको, उगाच कटकट.

भेळभत्ता
नाव सांग ना, इनिशियल तरी 😂

गोदाकाठची
नाही म्हटलं ना 😄

आखाडा_बहाद्दर
ताई तो व्हिडिओ सगळे फिरवतात पण २०२० चा कोणी फिरवत नाही. बालेवाडीला फायनल होती, आपल्या नाशिककडून खेळणारा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघं काका पवारांच्या एकाच तालमीतले. हर्षवर्धन जिंकला आणि गदा बिदा राहिली बाजूला, आधी त्यानी शैलेशला खांद्यावर उचलून घेतला. आमच्या गल्लीत टीव्हीसमोर म्हातारे पैलवान बसलेले, एकाचे डोळे भरून आले आणि तो म्हणे तंबाखूचा ठसका लागला.
आता २०२५ चं. शिवराज राक्षेच्या कुस्तीत पाठ पूर्ण टेकली होती का नाही यावर आजही दोन पार्ट्या आहेत, मी त्यात पडत नाही. पण लाथ ती लाथ. त्याला आणि महेंद्र गायकवाडला तीन-तीन वर्षांची बंदी घातली कुस्तीगीर संघानी. तालमीत पहिल्या दिवशी काय शिकवतात, आत येताना मातीला हात लावून कपाळाला लावायचा आणि वस्तादाला उलट बोलायचं नाही. लहान पोरं मोबाईलवर बघतात हो सगळं. जत्रेच्या फडात आता बारा वर्षाचं पोरगं पंचाच्या अंगावर धावून जातं आणि बाप खालून शिट्टी मारतो.

सहा_खडे
बाप हाच खरा विषय आहे!! मी पेठ रोडला आणि सिडकोत रविवारी टेनिस बॉलच्या मॅचेसना अंपायरिंग करतो, नोकरी वेगळी आहे, ही हौस. खिशात सहा खडे ठेवतो, बॉल पडला की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात, मशीन बिशीन काही नाही. मागच्या सीझनला एका पोराला एलबीडब्ल्यू दिला, असेल चौदा-पंधराचा, त्यानी बॅट आपटली, हेल्मेट काढून माझ्याकडे बघून अंगठा खाली केला आणि बॉलरनी त्याला हात हलवून टाटा केला, मोठे बॉलर आऊट झालेल्याला सेंड ऑफ देतात ना तसं. मी दोघांना जवळ बोलवून झापत होतो तेवढ्यात त्याचा बाप कारमधून उतरून आत आला आणि मला म्हणतो विराटला असं बोलला असता का? अहो विराटला २०१२ ला सिडनीत मधलं बोट दाखवलं म्हणून निम्मी मॅच फी कापली होती, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. आणि त्याच विराटनी २०१९ च्या वर्ल्डकपला ओव्हलवर आपलं पब्लिक ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला चिडवत होतं तर हात करून सांगितलं टाळ्या वाजवा. ते दुसरं कोणी कॉपी करत नाही, पोरं बोटच उचलतात.

निफाडची_द्राक्षं
सहा खडे दादा 🙏 तुम्ही कुठल्या ग्राउंडला असता, माझा भाचा शिकतोय लेदर बॉल, वय ११, गंगापूर रोडला चांगलं कोचिंग आहे का कुठे? फी साधारण किती?

सहा_खडे
मेसेज करा ताई, इथे नाव नको घ्यायला. पण ११ वर्षाच्याला रोज नेट्स लावू नका, खेळू द्या गल्लीत.

सोंगटी
म्हणूनच आमचं बुद्धिबळ बरं. आपला विदित गुजराथी बघा, नाशिकचा पोरगा, २०२४ ला ऑलिंपियाड गोल्ड जिंकून आला, कधी आरडाओरडा नाही काही नाही. शांत खेळ शांत माणसं.

भेळभत्ता
शांत?? तुमच्या बुद्धिबळातल्या एक नंबरच्या कार्लसननी २०२५ ला नॉर्वेत गुकेशकडून हरल्यावर टेबलावर अशी मूठ आपटली की सोंगट्या नाचल्या. आणि त्याच्या आधी २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला जीन्स घालून आला, २०० डॉलर दंड, बदलून ये म्हटलं तर नाही म्हणे, एका राऊंडला बसवलाच नाही त्याला. जीन्सवरून राव! आमच्या साहेबांना कळलं तर ऑफिसात पण चालू करतील.

सोंगटी
मूठ आपटल्यावर लगेच सॉरी म्हटला की गुकेशला, ते नाही सांगणार तू. आणि गुकेश बघ ना, जिंकलाय तरी तोंडावर हात धरून येरझाऱ्या घालतोय.

टेबल_नंबर_सात
मी हॉटेल लाईनमध्ये होतो, हायवेला, आता सोडलं. गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर रणजीची क्रिकेट मॅच असली की टीम आमच्याकडे उतरायच्या. तुम्ही टीव्हीवर बघता ते वागणं आम्ही मोजतच नाही, आम्ही रूम बघतो. एक सिनियर होता, इंडिया खेळलेला, तो नाश्ता झाला की ताट-वाट्या एकावर एक लावून टेबलाच्या कडेला ठेवायचा, चमचे वेगळे, आणि आमच्या पोऱ्याला नावानी हाक मारायचा. जाताना किचनमध्ये येऊन सगळ्यांना भेटून गेला. आणि त्याच टीममधला एक नवीन, अजून त्याचा फोटो लोकलच्या पेपरात पण आलेला नव्हता, तो रूम सर्व्हिसला उशीर झाला म्हणून ट्रे दाराबाहेर पालथा करून ठेवायचा. डाळ गालिच्यावर. डाळ निघत नाही गालिच्यातून लवकर, हळदीचा डाग राहतो. मॅनेजरला सांगितलं तर म्हणे जाऊ दे प्लेयर आहे. म्हणून माझं मत असं की मोठ्या नावाला वेगळे नियम नकोत आणि सूट पण नको. बिल्डरच्या पोरानी डाळ सांडली असती तर गालिच्याचे पैसे लावले असते की नाही बिलात?

गोदाकाठची
हळद!! व्हिनेगर मारून बघायचं ना थोडं आणि उन्हात. अर्थात हॉटेलचा गालिचा उन्हात कुठे टाकणार म्हणा.

पुणेरी_नाशिककर
मी उलट्या बाजूनी बोलतो. १९९३ ला चार्ल्स बार्कली, बास्केटबॉलवाला, त्यानी नायकीच्या जाहिरातीतच सांगून टाकलं होतं की मी कोणाचा आदर्श नाही, पोरं वाढवायचं काम आईबापाचं. मला पटतं. एकोणीस-वीस वर्षाच्या पोराला तुम्ही कोटी रुपये देता, शाळा बुडलेली असते, सकाळ-संध्याकाळ नेट्स सोडून काही बघितलेलं नसतं, आणि मग म्हणता हा संतासारखा का बोलत नाही. पंड्या-राहुलचं २०१९ चं घ्या, टीव्हीच्या गप्पांच्या कार्यक्रमात पंड्या बायकांबद्दल घाण बोलला, ते वाईटच, पण दोघांना ऑस्ट्रेलियातून परत पाठवलं आणि वर २०-२० लाखाचा दंड. असलंच आपले पुढारी सभेत माईकवर बोलतात, कोणाला घरी पाठवलं? दंड कुठेय? आपल्याला राग काढायला क्रिकेटर सापडतो कारण तो उलटून काही करू शकत नाही.

आखाडा_बहाद्दर
पुढारी वाईट म्हणून खेळाडू पण सोडून द्यायचा का? दोघांना धरा की.

पुणेरी_नाशिककर
धरा ना, आधी कोणाला ते ठरवा.

सहा_खडे
पण भाऊ पैसे बॅटिंगचे मिळतात का चेहऱ्याचे? चड्डी-बनियन, पंखे, सिमेंट, २०२५ च्या बंदीआधी पैशांचे ऑनलाईन गेम पण, सगळीकडे तोच चेहरा. लोकांच्या विश्वासावर कमवायचं आणि त्यांनी काही विचारलं की मी फक्त खेळाडू, हे जमणार नाही. बॅडमिंटनच्या गोपीचंदनी २००१ ला ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर कोल्ड्रिंकची जाहिरात नाकारली, तेव्हा त्याच्याकडे काय क्रिकेटरएवढे पैसे होते का. सचिननी वडिलांना शब्द दिलेला, तंबाखू दारूची जाहिरात करणार नाही, शेवटपर्यंत नाही केली. म्हणजे जमतं.

पुणेरी_नाशिककर
चेहऱ्याचा मुद्दा मान्य. जाहिरात घेतली की बंधन आलं. पण जे जाहिरात करत नाहीत त्यांचं काय, त्यांना पण तीच फूटपट्टी लावता तुम्ही लोकं.

हरसूलचे_गुरुजी
नमस्कार मंडळी. उशीरा लिहितोय, इकडे रेंज येते-जाते. त्र्यंबक तालुक्यात शाळेवर आहे, पीटी पण मीच घेतो. आमच्या भागातली कविता राऊत, सावरपाड्याची, २०१० च्या दिल्लीच्या कॉमनवेल्थला दहा हजार मीटरला ब्राँझ. आमच्या मुली आजही डांबरी रस्त्यावर पळतात तर तिचं नाव घेऊन पळतात. मी एवढंच सांगतो की मुलींना जी फूटपट्टी लागते ती मुलांना नाही. मुलगा पळाला की घरचे वेळ विचारतात, मुलगी पळाली की चड्डी केवढी होती ते विचारतात. सानिया मिर्झाच्या स्कर्टवरून २००५ ला केवढं रामायण झालं होतं आठवतंय का? तिच्या फोरहँडवर तेवढी चर्चा झाली असती तर बरं झालं असतं. माझी एक विद्यार्थिनी जिल्ह्याला पहिली आली आणि सत्काराला पाहुण्यांनी माईकवर तिला सांगितलं, आता घरकाम पण शीक हो. पोरगी काय बोलणार, मान खाली घालून नारळ घेऊन आली.

निफाडची_द्राक्षं
गुरुजी 😡 कोण होते हो ते पाहुणे

हरसूलचे_गुरुजी
असतात ताई, दर वर्षी वेगळे असतात.

गोदाकाठची
आपल्या क्रिकेट कॅप्टन हरमनप्रीतचं पण तेच ना. २०२३ ला ढाक्यात आऊट दिल्यावर स्टंप उडवले, अंपायरबद्दल वाट्टेल ते बोलली, दोन मॅचची बंदी बसली. बसायलाच पाहिजे होती. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा "बाईमाणसाला शोभतं का" चालू होतं, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत तिनीच वर्ल्डकप उचलला तेव्हा तीच मंडळी डीपीला तिचा फोटो.

रेडिओवाले_आजोबा
नातवाच्या फोनवरून टाइप करतो आहे. चूकभूल देणे घेणे. आमच्या काळी सगळे सज्जन होते असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. १९८१, मेलबर्न. गावसकरला ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीच्या चेंडूवर पायचीत दिले, त्याचे म्हणणे बॅट लागली. हा समोरच्या टोकाला खेळणाऱ्या चेतन चौहानला पण बाहेर घेऊन निघाला. सीमारेषेपाशी मॅनेजर दुराणी उभे राहिले म्हणून चौहान परत फिरला, नाहीतर सामनाच गेला असता. मी रेडिओ कानाला लावून घराच्या ओट्यावर बसलो होतो, रविवार कारंजाला. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १९८० ला वानखेडेवर गुंडाप्पा विश्वनाथने इंग्लंडच्या बॉब टेलरला बाद दिलेला असताना परत बोलावले, कॅप्टन होता तो. टेलरने मग बोथमबरोबर भागीदारी केली आणि आपण सामना हरलो. आमच्या कट्ट्यावर दोन महिने भांडण. निम्मे म्हणायचे थोर माणूस, निम्मे म्हणायचे देशाचा सामना घालवला याने. म्हणजे चांगले वागला तरी शिव्या खाल्ल्याच.

भेळभत्ता
आजोबा भारी 🙌 रविवार कारंजा म्हणजे आमच्याच इकडचे. तुम्ही कोणाच्या बाजूनी होतात?

रेडिओवाले_आजोबा
मी पाच रुपयाची पैज हरलो होतो. त्यामुळे विश्वनाथच्या विरुद्ध.

टेबल_नंबर_सात
😂😂😂

चांदवडकर
धागा वाचला, सगळं क्रिकेट क्रिकेट चाललंय. आमच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, २०१६ ला रिओ ऑलिंपिकला रोइंगला गेला, आई आजारी असताना. २०१८ च्या एशियाडला ताप अंगात, सिंगलच्या रेसमध्ये पार गळून गेला, आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या तिघांसोबत बोटीत बसून गोल्ड. त्यानी सार्वजनिक जीवनात कसं वागावं यावर चर्चा करायला आधी लोकांना तो माहीत तर पाहिजे. चांदवडच्या टोल नाक्यावर दहा जणांना विचारा दत्तू कोण.

आखाडा_बहाद्दर
खरंय भाऊ. आणि टोल नाक्यावर विचारायला थांबलात तर मागचे हॉर्न मारून मारतील.

निफाडची_द्राक्षं
टोलवरून आठवलं, द्वारका चौकात आज पण ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. सिंहस्थाच्या नावाखाली कुठे कुठे खोदून ठेवलंय देव जाणे. कोणी पाथर्डी फाट्याकडून येतंय का, तिकडे कसं आहे?

भेळभत्ता
तिकडे पण तसंच. घरी बसा, चिवडा खा.

गोदाकाठची
ह्यांना टेबल नंबर सातचं डाळीचं वाचून दाखवलं. म्हणाले त्याला टीमनी तिथल्या तिथे घरी पाठवायला पाहिजे होता. मी म्हटलं अहो पण त्याचं काम बॅटिंग करायचं ना? तर चहा घेऊन गॅलरीत गेले.

टेबल_नंबर_सात
बॉलर होता तो वहिनी 😄

सहा_खडे
ह्या रविवारी पेठ रोडला अंडर सिक्स्टीनच्या दोन मॅच आहेत आणि दुसऱ्या अंपायरनी टांग दिलीय. कोणी येतंय का? मानधन काही नाही, चहा आणि पावभाजी. आखाडा बहाद्दर तुम्ही या, तुम्हाला बघून कुठला बाप आत येणार नाही.

आखाडा_बहाद्दर
येतो पण मला नो बॉल कळत नाही.

सहा_खडे
लेग साईडला उभे करतो, स्टंपिंग आणि रनआऊट तेवढं बघा. साडेसातला या, टोपी आणा.