मदत हवी आहे: लाकडं ठेवायला परसात शेड घालतोय, पत्रा किती फुटी घेऊ?

परसदार
नमस्कार मंडळी. घरामागे सरपण ठेवायला शेड घालायचीय, दहा बाय सहाची. चार पाइप आणि वर पत्रा, बाकी काही नाही. प्रश्न एवढाच की पत्रा आठ फुटी घेऊ की दहा फुटी आणि पाइप दोन इंची चालेल का. वेल्डिंगवाला सोमवारी येतो म्हणालाय, तो एकदा चुकला की पाऊस पडेपर्यंत सापडणार नाही, त्यामुळे त्याच्या आधी उत्तर हवंय. मागच्या वर्षी सगळी लाकडं भिजली, आईने अख्खा श्रावण धुरात काढला. प्लीज लवकर सांगा.

घाटमाथा
सहा फूट खोलीला आठ फुटी पत्रा पुरतो, पुढेमागे एकेक फूट बाहेर. पाइप दोन इंची चालेल. झालं काम.

खाडीकाठ
झालं कसं? गाव कुठलं, समुद्र किती लांब, शेड घराच्या कुठल्या बाजूला हे काहीच माहीत नाही आणि तुम्ही पत्रा कापून मोकळे. परसदार, मागच्या वर्षी लाकडं भिजली म्हणजे वरून भिजली, बाजूच्या झडीने भिजली की खालून ओल आली? तीन वेगळे आजार आहेत, औषधं पण तीन वेगळी.

परसदार
गुहागर. समुद्र चालत दहा मिनिटं. वरून भिजायचा प्रश्नच नव्हता, ताडपत्री होती, चारी बाजूंनी दोरीने आवळून बांधलेली. पण पत्र्याच्या लांबीचा याच्याशी काय संबंध?

चुलीपाशी
संबंध आहे भाऊ. ताडपत्री आवळलीत तिथेच घात झाला. लाकडं तोडली कधी होती? एप्रिल-मे मध्ये तोडून लगेच रचली असतील तर ती आतून ओलीच असतात, ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी बाहेर पडायला वाट नसेल तर ताडपत्रीच्या आतल्या बाजूला घाम धरतो आणि पांढरी बुरशी येते. तुम्हाला वाटतं पाऊस लागला, पण पावसाचा थेंब पण लागलेला नसतो. दोन ढलपे एकमेकांवर आपटून बघा, सुकं असेल तर टणकन वाजतं, ओलं असेल तर आवाज बसका येतो. सुक्याच्या तोंडाला भेगा पडलेल्या असतात आणि साल सुटायला लागलेली असते. माझ्या सासूबाई हे बघितल्याशिवाय एक लाकूड मांगरात घेत नसत. आणि आंब्याचं आहे की काजूचं, ते पण सांगा, काजूचं फार फटफट उडतं.

मिशिगनकर
इथे आमच्याकडे हिवाळ्यासाठी दरवर्षी लाकूड साठवतात. मापच ठरलेलं आहे, चार बाय चार बाय आठ फूट, म्हणजे १२८ घनफूट. सगळे साधारण सोळा इंचाचे तुकडे करून, उभे फाडून, एका ओळीत रचतात आणि ओळींच्या मधे बोटभर नाही तर चांगली वीतभर जागा सोडतात. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आला की धूर कमी होतो, मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं. माझं मत, चारी बाजू पूर्ण उघड्या ठेवा, फक्त डोक्यावर छप्पर.

खाडीकाठ
ओळींमधे जागा सोडायचं शंभर टक्के बरोबर. पण चारी बाजू उघड्या तुमच्याकडे. रत्नागिरी जिल्ह्यात सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि आषाढात तो सरळ पडत नाही, समुद्रावरून आडवा येतो. पश्चिम मोकळी ठेवली तर छपराचा उपयोग शून्य. परसदार, परत विचारतो, शेड कुठल्या बाजूला?

सूर्यप्रकाश
मुळात सरपण लागतंच कशाला? सोलर बसवा, दहा-पंधरा वर्षं बघायला नको. आम्ही पुण्यात बसवलाय, कडकडीत पाणी.

चुलीपाशी
जून-जुलैत कोकणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही हो, आणि बंब नेमका तेव्हाच पेटवायचा असतो. शिवाय माडाची चुडतं, सोडणं, करवंट्या घरचीच असतात, ती काय टाकून द्यायची?

परसदार
सोलर नकोय. गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच. लाकूड बरंचसं आंब्याचं आणि आकेशियाचं, गेल्या महिन्यात तोडलेलं. शेड न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला टेकून, म्हणजे लाकडं हाताशी. ती बाजू पश्चिमेलाच येते. आता तरी पत्रा सांगा.

खाडीकाठ
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! पश्चिमेच्या भिंतीला टेकवली की उघडं तोंड थेट समुद्राकडे. न्हाणीघराची भिंत आधीच ओली, त्याला चिकटून लाकडं, म्हणजे भिंतही जाणार आणि लाकडंही. पूर्वेला किंवा उत्तरेला घ्या, भिंतीपासून सुटी. पाख पश्चिमेला उतरतं, म्हणजे पश्चिमेला साडेपाच फूट आणि पूर्वेला सात. पश्चिमेच्या बाजूने बांबूच्या कामट्यांचा कूड घाला, लिंपू नका, वारा खेळला पाहिजे. खालून चिऱ्यांच्या दोन थरांवर कुंपणाचे सिमेंटचे खांब आडवे टाका आणि त्यावर लाकडं. आपल्याकडे पावसात जमिनीतूनच पाणी उपळतं, आणि जमिनीला टेकलेलं आंब्याचं लाकूड वाळवी सोडत नाही.

पोफळबाग
पत्र्याचा एवढा आग्रह कशाला म्हणतो मी. झापं घाला, माडाच्या विणलेल्या झावळ्यांची. निसर्ग वादळात (३ जून २०२०) रायगड-दापोलीत पत्रे कागदासारखे उडाले. झाप उडालं तर कुणाचा गळा कापत नाही.

घाटमाथा
दरवर्षी झापं विणणार कोण? माणूस मिळतो का? पत्राच बरोबर, नीट ठोकला की उडत नाही.

पोफळबाग
आमच्याकडे मिळतो. आणि झापाखाली लाकूड घामेजत नाही, पत्र्याखाली घामेजतं.

चुलीपाशी
दोघंही थांबा जरा. वर पत्रा आणि पश्चिमेच्या कुडावर बाहेरून झापं, पडवीला लावतो तशी, गणपतीनंतर काढून टाकायची. आमच्याकडे हेच आहे.

वनराई
आंबा तोडताना परवानगी घेतली होती ना? महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, आंबा, फणस, ऐन, किंजळ हे खाजगी जागेतले असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

परसदार
वादळात पडलेली फांदी आहे. विषय शेडचा आहे.

रानवाट
एक कोणीच बोललं नाही. लाकडाचा ढीग म्हणजे उंदीर, आणि उंदरामागे साप. आपल्या भागात फुरसं फार, सालीच्या रंगात मिसळतं आणि दिसत नाही. खालचा फूटभर भाग मोकळा ठेवा म्हणजे बॅटरी मारून आरपार दिसेल. आईंना सांगा, आत हात घालून ओढू नका, वरून आणि पुढूनच काढा, संध्याकाळी तर काठीने हलवल्याशिवाय नाहीच. चावलंच तर मांत्रिक, चीर देणं, घट्ट दोरी असलं काही नाही, सरळ सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारींवर एकच लस चालते.

परसदार
हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणते पूर्वेला घे, चार पावलं जास्त चालेन पण काठी ठेवायला खुंटी कर. ठीक, पूर्वेला, भिंतीपासून दोन फूट सुटी. आता दोनच प्रश्न राहिले, पत्रा आणि पाइप. प्लीज कोणीतरी नुसती मापं द्या.

खाडीकाठ
दहा फुटी. सहा फूट खोली, पूर्वेला अडीच फूट बाहेर कारण ते उघडं तोंड आहे, पश्चिमेला दीड. पाइप दोन इंची चालेल पण जस्ताचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, साधा काळा घेतलात तर खारा वारा खाऊन टाकेल. वेल्ड केलेल्या जागी जस्त जळतं, तिथे प्रायमर आणि रंग त्याच्याकडूनच करून घ्या, नंतर होत नाही. स्क्रू रबरी वॉशरचे, पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात नाही. चारी पाय दीड-दोन फूट काँक्रीटमध्ये. आणि ती आत्ताची ओली लाकडं शेडमध्ये लगेच टाकू नका, मृग लागेपर्यंत फाडून उन्हात पसरा.

मिशिगनकर
आणि लांबी सगळ्यांची सारखी करा, दीड फूट. मग सहा फुटात तीन ओळी मधल्या जागेसकट बसतात.

घाटमाथा
दहा फुटी म्हणजे दोन फूट पत्र्याचा खर्च उगाच वाढवताय. आठ पुरला असता.

परसदार
दहा फुटीच घेतो. वेल्डिंगवाल्याला आत्ताच फोन केला, जस्ताचा पाइप त्याच्याकडे नाही, चिपळूणहून आणावा लागेल म्हणतोय. चिपळूणला रविवारी दुकानं उघडी असतात का?