शिंदे संस्थानच्या लष्करी गुंड्या : अस्सल की जुन्या ठशावरून नव्याने पाडलेल्या?

प्रश्न :
आमचे पणजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या घोडदळात होते. त्यांच्या कोटावर नागचिन्हाच्या पाच पितळी गुंड्या शिल्लक असून तीन गळून पडल्या आहेत. कोट पूर्ण व्हावा म्हणून ग्वाल्हेरच्या बाडा चौकाजवळच्या एका दुकानातून मी तशाच तीन घेतल्या. त्या १८९५ च्या, वायव्य सरहद्दीवरील चित्रळ मोहिमेच्या वेळच्या आहेत, असे विक्रेत्याने सांगितले. समोरून दोन्हींत फरक दिसत नाही, उलट नव्या अधिकच रेखीव आहेत, आणि त्यामुळेच मन साशंक झाले आहे. खात्री कशी करावी?

उत्तर १ :
समोरची बाजू येथे साक्ष देऊ शकत नाही, कारण ज्यावर पत्रा दाबून नक्षी उमटवतात तो मूळ पोलादी ठसा हाती लागला असेल, तर आज पाडलेल्या गुंडीवरही तेच नाग उमटणार. आपण गुंडी उलटून भिंगाखाली धरावी. मागच्या चकतीवर बहुधा कारखान्याचे नाव असते. अशा गुंड्या बनवणाऱ्या लंडनच्या जेनन्स कंपनीचा कारभार १९२४ मध्ये गाँट या दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि त्यानंतरच्या मालावर ‘गाँट, लेट जेनन्स’ (म्हणजे ‘गाँट, पूर्वीचे जेनन्स’) असे शब्द आढळतात. तसे आपल्याकडे असतील, तर १८९५ चा दावा तेथेच संपतो.

उत्तर २ :
वरील मत योग्य आहे; मात्र नावाचा ठसाही नव्याने मारता येतो, म्हणून केवळ नावावर विसंबू नये. वर्षानुवर्षे अंगावर वागवलेल्या गुंडीची मागची, शिवण्याची कडी दोऱ्याच्या घर्षणाने आतून झिजते, नक्षीचे उंचवटे गुळगुळीत होतात आणि खोलगट भागांत पॉलिशचा पांढुरका थर साचून राहतो. ही झीज एकमेकींशी जुळली पाहिजे. समोरची बाजू जुनाट आणि कडी मात्र कोरी, असे दिसल्यास काळपटपणा रसायनाने आणलेला असू शकतो. ठसा दीर्घकाळ पडून गंजलेला असेल, तर त्यातील खड्डे गुंडीवर बारीक पुळ्यांसारखे उठून दिसतात. अस्सल गुंडीवरून साचा घेऊन केलेली ओतीव नक्कल याहून वेगळी : धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे ती मुळापेक्षा किंचित लहान भरते. व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या साधनाने) व्यास मोजावा आणि सराफाच्या काट्यावर वजन करावे. एक कळकळीची विनंती : तपासणीपूर्वी ब्रासो (पितळेचे पॉलिश) लावू नका, पुरावा पुसला जाईल.

प्रश्नकर्ता :
आपल्या सूचनेप्रमाणे पाहिले. कोटावरील पाचही गुंड्यांवर केवळ ‘जेनन्स’ आहे. विकत घेतलेल्यांपैकी दोहोंवर ‘लेट जेनन्स’ असून कड्या झिजलेल्या आहेत. तिसरीची पाठ कोरी आहे आणि नागाच्या फण्याजवळ बारीक पुळ्या आहेत.

उत्तर २ :
तर मग त्या दोन अस्सल असाव्यात, पण १९२४ नंतरच्या. तिसरी जुन्या ठशावरून अलीकडे पाडलेली दिसते. पणजोबांच्या कोटावर यांपैकी एकही लावू नये, असे मला वाटते. त्या दोन वेगळ्या पाकिटात, चिठ्ठी घालून जपाव्यात आणि कोटावरील तीन जागा रिकाम्याच राहू द्याव्यात.