एकच गिटार, फ्लॉइड रोझ आणि चार ट्यूनिंगची कव्हर्स: अर्ध्या तासात कसं जमवायचं?

गॅलप_पुणे
चौघांचा बँड आहे: गिटार एकच, शिवाय बेस, ड्रम्स आणि गायक. कॉलेज फेस्टला 30 मिनिटांचा स्लॉट मिळालाय. यादी अशी (कंसात ट्यूनिंग, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा सूर): आयर्न मेडनचं 'हॅलोड बी दाय नेम' (ई), मेटॅलिकाची 'मास्टर ऑफ पपेट्स' (ई) आणि 'सॅड बट ट्रू' (डी), स्लेयरचं 'रेनिंग ब्लड' (ई फ्लॅट), ब्लॅक सॅबथचं 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' (सी शार्प). गिटारला फ्लोटिंग फ्लॉइड रोझ आहे (स्प्रिंगवर तरंगणारा, आर्मने हलवून सूर खाली-वर करता येणारा ब्रिज), तारा 10–46 (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). दुसरी गिटार मिळण्यासारखी नाही. गिटारचा सूर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने उतरवणारं ड्रॉप पेडल घ्यावं, की ठोकळा लावून ब्रिज ब्लॉक करावा?

ढोलकी_ते_डबलबास
आधी वेळेचा हिशोब करा. रेकॉर्डवरच्या लांबीने ही पाच गाणी मिळून साडेतीस मिनिटांच्या वर जातात. त्यात लाइन चेक, ट्यूनिंग आणि दोन गाण्यांमधलं बोलणं धरलेलंच नाही. एक गाणं गाळावंच लागेल आणि ते 'हॅलोड' असावं. त्याचा सगळा जीव दोन गिटारांच्या हार्मनीत आहे. एकाच गिटारवर वाजवलं तर मधला भाग पोकळ वाटतो आणि मेडनच्या चाहत्यांना ते लगेच कळतं.

'पपेट्स'च्या मधल्या संथ भागातही दोन गिटार आहेत, पण तिथे मार्ग निघतो. अर्पेजियो (कॉर्डचे सुटे सुटे सूर) बेसवर घ्या, गिटारने फक्त धून वाजवावी. बेसला थोडा कोरस इफेक्ट दिला की जागा भरते.

सीशार्प_सांगली
चार ट्यूनिंग लागतच नाहीत, दोनात काम होतं. मेटॅलिका 90च्या दशकाच्या मध्यापासून लाइव्हला अर्धा सूर खाली वाजवते. म्हणजे 'पपेट्स' ई फ्लॅटमध्ये येतं, आणि स्लेयर तर ई फ्लॅटमध्येच आहे. 'सॅड बट ट्रू' 1991च्या अल्बमवर डीमध्ये आहे, पण त्याच हिशोबाने लाइव्हला सी शार्पमध्ये जातं. 1971च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'वर 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह'ही सी शार्पमध्येच आहे. तेव्हा आधी ई फ्लॅटची दोन, मग एकदाच दोन सेमीटोन (अर्धे सूर) उतरून सी शार्पची दोन. गायकाच्या घशालाही हे बरं.

तारा मात्र बदला. 10–46 सी शार्पला नेल्या की ईच्या तुलनेत ताण जवळपास 30 टक्क्यांनी घटतो. जाड तार फ्रेटवर फडफडते आणि जोरात मारली की सूर चढून मग खाली येतो. 10–52 चा सेट घ्या. 11–54 ही चालेल, पण ई फ्लॅटमध्ये 'पपेट्स'च्या डाउनस्ट्रोकला (फक्त वरून खाली मारलेले फटके) हात जड होईल. वरच्या तारा सी शार्पला ढिल्याच राहणार, म्हणून सोलोत बेंड (तार ओढून सूर चढवणं) जपून ओढा. सॅबथला तो ढिलेपणा शोभतो. त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती, त्यामुळे तो मुळातच हलक्या तारा लावायचा.

गॅलप_पुणे
दोन ट्यूनिंगचं पटलं. पण फ्लॉइडचं काय? एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात.

स्प्रिंग_आणि_स्क्रू
तारांचा एकूण ताण कमी झाला की स्प्रिंग जिंकतात आणि ब्रिज मागे बसतो, म्हणून तसं होतं. फाइन ट्यूनरची (ब्रिजवरचे सूर जुळवायचे छोटे स्क्रू) धाव दोन सेमीटोन नसते, त्यांच्या भरवशावर राहू नका.

ब्रिज खाली जाईल पण वर ओढला जाणार नाही, एवढंच ब्लॉक करा. मागचं झाकण काढा. ई फ्लॅटला लावून ब्रिज बॉडीला समांतर करा. ब्रिजखालचा धातूचा ठोकळा आणि त्याच्यासमोरची, नेककडची भिंत यांमधलं अंतर मोजा आणि तेवढ्याच जाडीचा कठीण लाकडाचा तुकडा तिथे बसवा. मग क्लॉचे (स्प्रिंग अडकवलेली पट्टी) दोन्ही स्क्रू सारखे, अर्धा-अर्धा फेरा आवळत जा, ब्रिज लाकडावर घट्ट टेकेपर्यंत. जाड तार जोरात बेंड करून बघा. बाकीच्या तारांचा सूर पडला तर स्प्रिंग अजून कमी पडताहेत. हे जमल्यावर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का) तपासा, कारण जाड तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तिचा टेकू) बहुधा मागे घ्यावं लागतं.

स्टेजवर ई फ्लॅटची दोन गाणी नट (नेकच्या टोकाला क्लॅम्पने तारा धरणारी पट्टी) लॉक ठेवून वाजवा, म्हणजे 'रेनिंग ब्लड'ला आर्म मनसोक्त वापरता येईल. मग 3 मिमीच्या अॅलन कीने तिन्ही क्लॅम्प सैल करून उतरवा. प्रत्येक तार हव्या सुराच्या जरा खाली नेऊन मग वर आणा, नाहीतर खुंटीतला ढिलेपणा गाण्यात बाहेर येतो. ताण घटल्यावर नेक किंचित मागे सरकते आणि आधी लावलेल्या तारा चढतात. म्हणून दुसरा फेरा हवाच. फाइन ट्यूनर आधीच मधोमध ठेवा. पुन्हा लॉक केल्यावर सूर थोडा हलतो, तो त्यांनी जुळवायचा.

ढोलकी_ते_डबलबास
पेडलबद्दल: डिजिटेकचं ड्रॉप दोन सेमीटोनला ठीक चालतं, पण ते डिस्टॉर्शनच्या आधी लावा. नंतर लावलं तर पाम म्यूट (तळहात टेकवून दाबलेले सूर) चिखलासारखे ऐकू येतात. छोट्या खोलीत सराव करताना तारांचा मूळ सूरही कानावर येतो आणि गिटारिस्ट गोंधळतो. बेसला वेगळा उपाय लागतोच. ब्लॉक फुकटात होतोय, तर पेडल आत्ता नको.

बेसवर 45–105 सी शार्पला लोळते. 50–110 लावा, आणि जाड तार नटच्या खाचेत अडकत नाही ना ते पाहून घ्या.

सीशार्प_सांगली
उतरवायला मिनिटभर तरी लागेल. तेवढा वेळ ड्रमरने एकट्याने धरावा, गिटार-बेस दोघांनी ट्यूनर पेडलवर आवाज बंद करून लावावं. सी शार्पमध्ये आधी 'सॅड बट ट्रू' घ्या. संथ आहे, सूर हलला तर गाण्यातच कळतो आणि 'चिल्ड्रन'च्या आधी दुरुस्त करता येतो.

आणि 'पपेट्स'चा वेग मिनिटाला साधारण 212 बीट्स आहे. स्टेजवर ड्रमर हमखास पळतो, मग डाउनस्ट्रोक तुटतात आणि हात वर-खाली मारायला लागतो. त्याने रिफचा करकरीतपणाच जातो. ड्रमरच्या कानात क्लिक द्या. व्हर्सच्या रिफमध्ये दर चौथा बार आखूड आहे, तो चौघांनी 160 वर एकत्र मोजून बसवा आणि मगच वेग वाढवा.