अनुभव धागा: गुब्बिओचे सण, १५ मेची दौड आणि बाकीचे वर्ष

उंब्रियाची_वाट
काल एका मैत्रिणीने इटलीतल्या गुब्बिओ गावच्या इंजिनो डोंगरावर पेटलेल्या दिव्यांच्या नाताळवृक्षाचे छायाचित्र पाठवले आणि पेरूजात शिकत असताना पाहिलेला १५ मे डोळ्यांसमोर आला. संत उबाल्दो हे या गावाचे बिशप होते. त्यांचे निधन १६ मे ११६० रोजी झाले आणि त्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी ही दौड होते. लाकडाचे तीन उंच, अष्टकोनी खांब असतात, प्रत्येकाला चेरो म्हणतात. प्रत्येकाचे वजन सुमारे ३०० किलो आणि माथ्यावर एकेका संताची मूर्ती: उबाल्दो, जॉर्ज आणि अँथनी. दुपारी बाराच्या सुमारास पियात्सा ग्रांदे या मोठ्या चौकात ते उभे करतात. त्या क्षणी पाण्याने भरलेली मातीची सुरई चेरोवर रिकामी करून गर्दीत फेकली जाते आणि तिची खापरी शुभ मानून घरी नेण्यासाठी जी झोंबाझोंबी होते, तिच्यात लांबून पाहणाऱ्यानेही पाय सांभाळावेत. संध्याकाळी हे तिन्ही चेरो खांद्यांवर घेऊन लोक गल्ल्यांतून आणि मग डोंगराच्या वळणांवरून थेट वरच्या बॅसिलिकापर्यंत, म्हणजे संत उबाल्दोंच्या चर्चपर्यंत, धावत जातात. खांदेकरी धावता धावताच बदलतात, चेरो थांबत नाही.

मला सर्वांत अधिक नवल वाटले ते याचे, की शर्यत असूनही क्रम कधी बदलत नाही. उबाल्दो पुढे, त्यामागे जॉर्ज, शेवटी अँथनी, आणि कोणी कोणाला ओलांडायचे नाही. तरीही रात्रभर खानावळींतून वाद चालतात, ते चेरो किती सरळ राहिला, कुठे कलला, कुठल्या वळणावर दोघांमधले अंतर वाढले, यावर. जिंकण्यावाचूनही इतक्या ईर्षेने धावता येते, हे मी तिथे पाहिले. आपण कोणी गेला असाल, कुठल्याही सणाला, तर अवश्य लिहावे.

कोकणची_सून
ताई, हे वाचून आमच्या शिमग्यातली पालखी नाचवणारी मंडळी आठवली. खांदा मिळावा म्हणून तिथेही अशीच चढाओढ असते.

उंब्रियाची_वाट
खांद्याच्या मानापुरते अगदी पटते. मात्र पालखी घरोघरी जाते, अंगणात थांबते, नवस ऐकते. चेरो कोणासाठी थांबत नाही. शिवाय तिन्ही गटांचे लोक एकाच गावचे, पुष्कळदा एकाच घरातले असतात. उबाल्दोचे पिवळे सदरे मूळचे गवंड्यांचे, जॉर्जचे निळे व्यापारी-कारागिरांचे, अँथनीचे काळे शेतकऱ्यांचे. पांढरी विजार आणि तांबडा कमरपट्टा मात्र तिघांचाही सारखाच.

मडगावकर
मी दौड पाहिलेली नाही, गुड फ्रायडेची मिरवणूक पाहिली आहे. घंटा मुक्या झालेल्या असतात, म्हणून मिरवणुकीच्या पुढे लोखंडी कड्या लावलेल्या लाकडी फळ्या खडखडवत माणसे चालतात. त्या फळ्यांना तिथे बात्तिस्त्रांगोले म्हणतात. आमच्याकडे गोव्यातही त्या दिवसांत घंटेऐवजी मात्राक वाजते, त्यामुळे तो आवाज कानी पडताच मला परकेपणा वाटेनासा झाला. मृत ख्रिस्ताची मूर्ती आणि तिच्यामागून दुःखी मातेची मूर्ती जाते, दोन्हींबरोबर पुरुषांचे गायकवृंद जुन्या चालीवर मिझेरेरे हे पश्चात्तापाचे स्तोत्र गातात आणि वाटेत मोठ्या शेकोट्या पेटवलेल्या असतात. दौडीला येणाऱ्या पर्यटकांपैकी फारच थोडे या मिरवणुकीला येतात. माझ्या मते त्यांचे अधिक मोठे नुकसान तेच आहे.

खवय्या_पुणे
सर्व वाचले. आता कोणी जेवणाचेही सांगावे, ही नम्र विनंती.

उंब्रियाची_वाट
दादा, चेरो उभे झाल्यावर पालात्सो देई कोन्सोली या चौकातल्या जुन्या प्रासादात खांदेकऱ्यांची मोठी पंगत बसते आणि तिच्यात खारवलेल्या कॉड माशाला, म्हणजे बक्कालाला, मानाचे स्थान असते. सणाची पूर्वसंध्या असल्याने मांस वर्ज्य आणि मासा चालतो. आपण पंगतीत शिरू शकणार नाही, परंतु गावातल्या खानावळी उपाशी ठेवत नाहीत.

खवय्या_पुणे
उपासाला मासा चालतो, हे आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवले. उत्तर इथे लिहिण्याजोगे नाही.

घंटानाद
त्याच पालात्सोच्या मनोऱ्यातल्या मोठ्या घंटेचा, काम्पानोनेचा, उल्लेख कोणी केला नाही. ती १७६९ साली ओतलेली आहे, वजन सुमारे दोन टन. ती दोर ओढून वाजवत नाहीत. वाजवणारे तिच्याभोवती बसून, आडवे होऊन पायांनी ती ढकलतात, आणि हे काम करणाऱ्यांची वेगळी मंडळी आहे. खालून घंटा ऐकणाऱ्याला वर चाललेल्या या श्रमांची कल्पनाही येत नाही.

स्क्रँटनहून
अमेरिकेत पेन्सिल्वेनियातल्या आमच्या शहराजवळ जेसप नावाचे लहान गाव आहे. कोळशाच्या खाणींत कामाला आलेल्या गुब्बिओच्या लोकांनी संत उबाल्दोंचा सण इथे आणला आणि आजही मे महिन्याच्या शेवटी तेच तीन संत, तेच तीन रंग घेऊन रस्त्यांवरून दौड होते. डोंगराची ती चढण इथे नाही, पण क्रम तोच. माझ्या शेजारच्या आजोबांनी मला अत्यंत गंभीरपणे बजावले होते, "पुढे कोण, हे विचारू नकोस, मागचा किती मागे राहिला, ते विचार." आपल्या गणेशोत्सवाच्या परदेशी आवृत्त्या पाहिलेल्या मला ही तळमळ लगेच ओळखता आली.

बर्गामोतून
२०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे चेरो धावलेच नाहीत. माझ्या कार्यालयातला गुब्बिओचा सहकारी त्या दोन्ही १५ मेला पिवळा सदरा घालून घरून काम करत होता. बैठकीत कोणीही त्याला कारण विचारले नाही.

वेडा_परवानाधारक
एक गंमत. बार्जेल्लो या जुन्या इमारतीसमोरच्या कारंज्याभोवती गावकऱ्याच्या साक्षीने तीन फेऱ्या मारून डोक्यावर पाणी शिंपडून घेतले, की गुब्बिओचा अधिकृत वेडा म्हणून परवाना मिळतो. माझा चौकट करून भिंतीवर आहे. आईने तो पाहुण्यांपासून लपवण्याचे सर्व प्रयत्न केले आहेत.

कोकणची_सून
आपल्या आईंना आमचा नमस्कार सांगावा.

दिवेलागण
मूळ छायाचित्रातल्या झाडाविषयी थोडेसे. ते खरे झाड नव्हेच; डोंगराच्या उतारावर दिव्यांनी रेखलेली आकृती आहे, साधारण ७५० मीटर उंचीची. गावातले स्वयंसेवक १९८१ पासून ती दर वर्षी स्वतः तारा ओढून उभारतात. ७ डिसेंबरला, निष्कलंक मातेच्या सणाच्या आदल्या दिवशी, ती पेटते. २०११ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी व्हॅटिकनमध्ये बसून टॅब्लेटवरून ती पेटवली होती. शिखरावरचा तारा बॅसिलिकाजवळ येतो, म्हणजे मे महिन्यात चेरो जिथे पोहोचतात, जवळपास तिथेच. मला मात्र हा प्रकार भव्य असला तरी थोडा दिखाऊ वाटतो.

साठीतला_प्रवासी
सौ.च्या गुडघ्यांना गर्दी सोसवत नाही. १५ मेला न जाता यातले काही पाहता येईल का?

उंब्रियाची_वाट
काका, आपण २ जूनला जावे. त्या दिवशी लहान मुले आपले छोटे चेरो घेऊन हीच दौड करतात. गर्दी कमी आणि मुलांची शिस्त मोठ्यांपेक्षा कडक. जवळचे रेल्वे स्थानक फोसातो दि विको, तिथून पुढे बस. मे अखेरच्या रविवारी पोहोचलात, तर सानसेपोल्क्रो गावच्या मंडळींबरोबर होणारी ३६ मीटरांवरून आडव्या धनुष्याच्या नेमबाजीची स्पर्धाही मिळेल. बॅसिलिकाकडे जाणारा रोपवे म्हणजे दोन माणसांनी उभे राहायचा उघडा पिंजरा असून तो चालू असतानाच चढावे लागते, तेव्हा काकूंना आधी तो खालून दाखवावा आणि त्यांनी नकार दिल्यास टॅक्सी करावी.

साठीतला_प्रवासी
तिने आताच नकार दिला आहे. टॅक्सीची चौकशी करतो.