शब्दचर्चा : खेळातल्या मुलखाची ‘पार्श्वभूमी’ की ‘रहाटी’?

राजारामपुरी :
मंडळी, एका शब्दावर अडलोय. आम्ही कोल्हापुरातले काही जण रविवारी दुपारी बसून डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या धर्तीचे, म्हणजे फासे आणि गप्पा यांवर चालणारे भूमिकाखेळ (प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, एकानं खेळ चालवायचा) मराठीतून खेळतो. आता आठवी-नववीतली पोरंही येऊ लागलीत. त्यांच्यासाठी छोटी मराठी पुस्तिका करतोय. नियम लिहून झाले, पण एका प्रकरणाला नाव सापडत नाही. त्या काल्पनिक मुलखातले लोक खातात काय, कुणाचा शब्द चालतो, बाजार कुठल्या वारी भरतो, सारा कोण गोळा करतं, लग्नं कशी जमतात, हे सगळं त्यात आहे. ‘पार्श्वभूमी’ हा शब्द आम्ही पात्राच्या पूर्वायुष्यासाठी आधीच वापरलाय. ‘समाजव्यवस्था’ म्हटलं की पोरांना नागरिकशास्त्र आठवतं. तुम्ही काय म्हणाल?

सांगली :
‘लोकजीवन’. सरळ आहे, कुणालाही कळेल.

शाहूपुरी :
लोकजीवन हा शब्द आपण बाहेरून बघताना वापरतो. ‘कोकणातलं लोकजीवन’ असं म्हणणारा बहुतेक वेळा पाहुणा असतो. स्वतःच्या गल्लीतल्या जगण्याला कुणी लोकजीवन म्हणत नाही. खेळातली पात्रं मात्र त्याच मुलखात जन्मलेली, वाढलेली असतात. त्यांना तिथल्या बाजाराचं अप्रूप नसतं, बाजारात उधारी असते.

माझं मत ‘रहाटी’ला. जुन्या मराठीत राहाटणे म्हणजे वागणे, वावरणे. त्यातली ही राहाटी, आज आपण रहाटी लिहितो. शेजारचे शब्द लावून बघा. राहणी एकाची असते, रहाटी सगळ्यांची. ‘त्याची राहणी साधी’ म्हणतो, ‘त्याची रहाटी साधी’ म्हणत नाही. चालीरीती म्हटलं की सणवार आणि लग्नं येतात, पण गुळाचा दर कोण ठरवतं ते येत नाही. व्यवहार म्हटलं की पैसा पुढे येतो आणि देव मागे राहतात. रहाटीत दोन्ही मावतं. शिवाय ती चालू असते. पार्श्वभूमी नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखी मागे टांगलेली असते, पात्रं तिच्यापुढे उभी राहून बोलतात. रहाटी पात्रांना थांबवते, कामाला लावते, कधी मदत करते. खेळ चालवणाऱ्याच्या मनात यातला कुठला शब्द आहे त्यावर अख्खा खेळ बदलतो, म्हणून एवढं लिहितोय.

आमच्या टेबलावरचं सांगतो. पात्रं दरोडेखोरांच्या मागावर एका गावात आली. जंगलातली वाट दाखवणारा माणूस हवा होता आणि गाठीला पैसे भरपूर होते. एरवी खेळ चालवणारा म्हणतो, धर्मशाळेत एक वाटाड्या बसलाय, पाच चांदीची नाणी घेईल, चला. पण मुलखात सुगीचे दिवस होते आणि गावात गुऱ्हाळ लागलेलं. वाट ठाऊक असलेला माणूस एकच, तो म्हणजे गूळ करणारा गुळव्या. काहिलीत रस उकळतोय, तो जागचा हलणार कसा? एका खेळाडूनं दाम दुप्पट केला, मग तिप्पट. गुळव्यानं वर बघितलं नाही. काहील उतरायची वेळ चुकली की अख्खं आदण बिघडतं, आणि ऊस त्याचा नव्हता. ज्याची पाळी होती त्या शेतकऱ्याची वर्षाची कमाई त्या चुलवाणावर, काहिलीखालच्या चुलीवर, होती.

शेवटी आमची तलवारबाज चुलवाणापाशी जाऊन जाळात उसाची चिपाडं सारायला बसली. दुसरा काहिलीवरची मळी काढू लागला. गुळव्यानं चटका लागायच्या बेतानं पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून गोळी होते का बघितली, हाक दिली, सगळ्यांनी मिळून काहील उतरवली आणि पाक वाफ्यात ओतला. मग तो बोलायला लागला. वाट सांगितलीच, वर दरोडेखोरांतला एक जण रात्री कुठल्या गुऱ्हाळावर काकवी मागायला येतो तेही सांगितलं. लढाई पुढच्या बैठकीत झाली, चांगली झाली. पण पोरं अजून बोलतात ती गुऱ्हाळाबद्दल. तेच गुऱ्हाळ पार्श्वभूमी म्हणून आलं असतं तर ‘हवेत गुळाचा वास दरवळत होता’ एवढं वाचून पुढे गेलो असतो.

कागल :
भावा, गुऱ्हाळ झकास. पण रहाटीला एक अडचण हाय. आमच्याकडं मयताला आलेली माणसं जाताना म्हणतात, ‘काय करायचं, जगरहाटीच हाय ही’. त्या शब्दात हात टेकल्यासारखं वाटतं. आणि नवीन पोरं तो ‘राहुटी’ वाचून तंबू शोधत बसतील.

त्यापरास ‘गावगाडा’ काय वाईट? त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या पुस्तकामुळं शब्द सगळीकडं रुळलेला हाय. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, कुणी कुणासाठी काय काम करायचं आणि सुगीला खळ्यावर कुणाला किती बैतं, म्हंजे कामाबद्दलचं धान्य, द्यायचं, सगळं त्या एका शब्दात येतं. खेळातल्या गावात लोहार असला की पोरं विचारतात, ‘नाल ठोकायचे किती?’ गावगाड्यात लोहार गावकऱ्याकडून रोख घेतच न्हाई, वर्षाचं धान्य घेतो. परका घोडेस्वार आला की त्याला दर काय सांगायचा, हाच त्याला पेच. त्यातनंच बोलणं सुरू होतं.

बिंदू चौक :
गावगाडा या शब्दावर मला थोडं सांगायचंय, कारण तो फार प्रेमानं वापरला जातो. बैतं कुणाला मोजून मिळायचं आणि कुणाला दारात उभं राहून मागावं लागायचं, वस्ती वेशीच्या आत कुणाची आणि बाहेर कुणाची, हेही त्याच गाड्यात होतं. आमच्या घरात त्या मागण्याच्या आठवणी सांगितल्या जातात, त्या गोड नाहीत. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्याचा जाहीरनामा काढला, तो हा गाडा आहे तसा चालू द्यायचा नाही म्हणूनच. त्याच गावातली पोरं ही पुस्तिका वाचणार आहेत.

म्हणून रहाटी म्हणा किंवा गावगाडा म्हणा, त्या प्रकरणात तिचा जाच कुणाला होतो तेही लिहा. कल्पनेतल्या मुलखात विहीर असेल तर तिथं पाणी कोण भरतं आणि कोण भरू शकत नाही? राक्षसांची एक जमात सरसकट दुष्ट, असं छापून मोकळे होऊ नका. त्यांना वेशीबाहेर कुणी आणि कधी बसवलं ते लिहा. आठवीतल्या मुलीला हे कळतं. एवढंच, की मुलांच्या खेळात एखाद्या खऱ्या जातीचं नाव किंवा अपमान आणू नका. व्यवस्था कशी चालते ते दाखवायला त्याची गरज लागत नाही.

शाहूपुरी :
ताई, हे पुस्तिकेत जायलाच हवं. माझा गावगाड्याला नकार याच कारणानं आहे, शिवाय आणखी एका कारणानं. तो एका शेतकरी गावाचा शब्द आहे. बंदर, मेंढरं घेऊन फिरणारे, डोंगराच्या पोटात खाणी खोदणारे बुटके, यांना तो लागत नाही. रहाटी सगळ्यांना असते, जाचक रहाटीही असते. कागलकर, जगरहाटीत हात टेकणं ‘जग’मुळे आलंय, कारण जगापुढे कुणाचं चालत नाही. ‘त्या गावची रहाटीच वेगळी’ या वाक्यात ते नाही. आणि राहुटीची भीती ‘रहाटी’ असं लिहिलं की जाते.

आता हा विषय खेळात आला कुठून तेही सांगतो, म्हणजे शब्द निवडायला आधार मिळेल. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ ला आला तो युद्धखेळांच्या, म्हणजे टेबलावर सैन्य मांडून लढायच्या खेळांच्या, घराण्यातून. त्यात भुयार, राक्षस आणि खजिना ठसठशीत, गाव म्हणजे सामान भरायची जागा. पण पुढच्याच वर्षी, १९७५ ला, एम. ए. आर. बार्कर या भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचा टेकुमेल नावाच्या जगातला खेळ निघाला. त्यात नवी पात्रं जकाल्ला नावाच्या बंदरात परकी म्हणून उतरतात आणि परक्यांच्या वस्तीतच राहतात. शहरात कुळं आहेत, दर्जे आहेत, कुणाशी कसं बोलायचं ते ठरलेलं आहे. रीत मोडली तर जिवावर बेतू शकतं. तिथं रहाटी हाच धोका. ग्रेग स्टॅफर्डच्या पेंड्रॅगन या १९८५ च्या खेळात तर साहस झालं की हिवाळ्याचा टप्पा येतो. वतनाची वर्षाची मिळकत, लग्न, मुलं, वय वाढणं, सगळं फाशांवर निघतं. सरदाराचा मुलगा पुढे स्वतः पात्र होतो.

आणि ज्यांना वाटतं की नियमांच्या पुस्तकात रहाटी नसते, त्यांनी किमतींची पानं वाचावीत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या खेळाडू-पुस्तकात साध्या मजुराचा दिवसाचा रोज चांदीची २ नाणी. अशी १० म्हणजे सोन्याचं १. गरिबीतल्या राहणीचा दिवसाचा खर्चही चांदीची २ नाणीच, म्हणजे मजुराकडे संध्याकाळी काही उरत नाही. लांब तलवार सोन्याच्या १५ नाण्यांना, म्हणजे ७५ दिवसांचा रोज. जखम भरणाऱ्या औषधाची कुपी ५० ला, म्हणजे २५० दिवसांचा. आता आपलं पात्र चावडीसमोर उभं राहून खरचटल्यावर अशी कुपी रिचवतं तेव्हा कट्ट्यावर बसलेल्या माणसांना काय वाटत असेल? घरात आजारी पोर असलेला त्यातला एक जण रात्री पिशवी उचकटायला आला, तर तो चोर आहे का? हे मी टेबलावर ठेवलं तेव्हा बराच वेळ कुणी फासा उचलला नाही, सगळे भांडत होते.

(या तक्त्याला मात्र ‘राहणीमान’ म्हणा. तिथं हाच शब्द नेमका आहे.)

सांगली :
लोकजीवन मागे घेतो. पण मग पोरांना सांगायचं काय, की संपूर्ण मुलूख लिहून काढा? कुणी लिहिणार नाही.

शाहूपुरी :
अजिबात नको. एक रुसवा पुरतो. आपल्याकडे कोल्हापुरात कोल्हासुराच्या वधानंतर विजयोत्सवाचं बोलावणं न आल्यामुळे त्र्यंबोली रुसून टेकडीवर जाऊन बसली, आणि अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली, अशी कथा. म्हणून नवरात्रात ललित पंचमीला पालखी टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्या, टेकडीवर जाते, कोहळा फोडतात, त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते. यातून खेळासाठी काय मिळालं बघा. गावात मोठी देवी आणि मानी देवी, दोघींचे पुजारी. वर्षातला एक दिवस मोठीनं चालत जायचं. रस्ता कुठल्या पेठेतून? पालखीला खांदा द्यायचा मान कुणाचा? यंदा रस्त्यातला पूल वाहून गेलाय, आणि तो बांधायची जबाबदारी दोन घराणी एकमेकांवर ढकलताहेत. राक्षस लागलाच तर तो पुलाखाली ठेवा.

‘मान’ हा शब्दही पुस्तिकेत घ्या. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांचा, म्हणजे देवाच्या उंच काठ्यांचा, मानाचा क्रम ठरलेला असतो, तो पैशानं विकत घेता येत नाही. पोरांच्या पात्रांकडे सोनं लवकर साठतं, मान साठत नाही. तो मिळवायला त्यांना गावात राहावं लागतं.

कागल :
पटलं, रहाटी घ्या. किल्ल्याबद्दल एक घाला. किल्ला म्हटलं की पोरं लगेच तळघर आणि खजिना काढतात. त्यांना पन्हाळ्यावर न्या. अंबरखान्यात डोळ्यात भरतात ती धान्याची कोठारं, गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं असलेली. वेढा पडला की गड त्यांच्यावर टिकणार. खेळातल्या किल्ल्यात कोठाराची किल्ली कुणाकडं, एवढं ठरवलं तरी पुरे.

राजारामपुरी :
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रकरणाचं नाव ‘मुलूख आणि रहाटी’ ठेवतोय. ताईंचा विहिरीचा प्रश्न पहिल्याच पानावर जाईल. राहणीमानाचा तक्ता वेगळा. आता शेवटचं विचारतो. गुऱ्हाळात चिपाडं सारून पात्रांनी जे कमावलं त्याला काय म्हणायचं? नियमात ते मोजायचंय. ‘उपकार’ फार जड वाटतो, ‘ओळख’ अपुरी.

कागल :
पैरा. दोन शेतकरी एकमेकाच्या रानात पाळीपाळीनं राबतात, बैल देतात, त्यात पैसा नसतो. आज तू माझ्यात आलास, उद्या मी तुझ्यात. उपकार म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली. पैऱ्यात दोघं एका पातळीवर. आणि तो विसरायचा नसतो. पैरा न फेडणाऱ्याला पुढच्या सुगीला कुणी बोलवत न्हाई. नियम असा लिहा : गावात कुणाच्या कामाला हात लावला की वहीत त्याच्या नावापुढं एक पैरा. गरज पडली की तो माणूस एकदा येणारच, फासा न टाकता. उलट त्यानं आधी मदत केली असेल तर पैरा पात्राच्या अंगावर, आणि तो बोलवील तेव्हा हातातली मोहीम सोडून जायचं. वापरताना ‘पैरा केला’, ‘पैरा हाय’, ‘पैरा फेडला’ असं लिहा. ‘पैरा मिळाला’ लिहू नका, तसं कुणी बोलत न्हाई.