मदत हवी आहे: २७६ ची साखळी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात आठवीला गणित शिकवतो. संख्येचे स्वतःला सोडून बाकी विभाजक मिळवायचे, बेरजेचं पुन्हा तेच करायचं, असा खेळ पोट्ट्यांना दिला. १२ वरून १६, १५, ९, ४, ३, १, संपलं. ९५ वरून २५, मग ६. आणि ६ परिपूर्ण, म्हणजे अशा विभाजकांची बेरीज पुन्हा ६च, तिथंच फिरत राहते. एक पोरगी घरातल्या कापसाच्या गंजीवर बसून २७६ सोडवत होती: ३९६, ६९६, ११०४, १८७२, ३७७०... "सर, थांबते कधी?" जगात अजून कोणालाच ठाऊक नाही म्हटल्यावर तिनं नवी वहीच काढली!

मोठ्या संख्यांचे मूळ अवयव पाडणारं, नेटशिवाय साध्या मोबाईलवर चालणारं मोफत अ‍ॅप आहे का? आणि विभाजकांच्या बेरजेचं सूत्र आठवीला कसं समजावता?